इकडची काडी तिकडे

माझी बायको गेली चौतीस वर्षं माझ्याबद्दल एकच तक्रार करते, की हे घरात इकडची काडी तिकडे करत नाहीत. ही तक्रार ती माझ्यासमोर करते, माझ्या पाठीमागे करते, आणि मी शेजारच्याच खोलीत आहे हे विसरून फोनवर मैत्रिणींकडेही करते. मी कधी वाद घातला नाही. वाद घालायचा तर उठून बसावं लागलं असतं. यंदा थंडी सरता सरता मात्र मी खरोखरच इकडची काडी तिकडे केली. एक नाही, तेवीस केल्या. त्यानंतर बरेच दिवस मला कुणी काही करायला सांगितलं नाही.

झालं असं, की सासूबाईंच्या उजव्या डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालं. डावा डोळा आधीपासूनच अधू. डॉक्टरांनी उजव्या डोळ्यात कसलासा वायू भरला आणि सांगितलं, तीन आठवडे मान खाली. बसताना खाली, जेवताना खाली, झोपायचं तेही पालथं. त्यानंतरही महिनाभर वाकायचं नाही, माती-धूळ नाही. सासूबाई एक्क्याऐंशी वर्षांच्या. घरामागच्या बागेत वर्षाचे बारा महिने त्या वाकलेल्याच असतात. त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "मग वाटाणा कधी पेरायचा?"

"पुढच्या वर्षी, आजी."

"सांगून बघते त्याला," सासूबाई म्हणाल्या.

मी चार महिन्यांपूर्वीच निवृत्त झालो होतो. पाणीपुरवठा खात्यात छत्तीस वर्षं आरेखक होतो, म्हणजे पाण्याच्या पाइपांचे नकाशे काढायचो. सरळ रेघ आणि सुवाच्य अक्षर या दोन गोष्टींवर मी नोकरी काढली. त्या बळावर मी दवाखान्याच्या त्या खोलीत सगळ्यांदेखत बोलून गेलो, "बागेची काळजी करू नका आई, मी आहे." बायकोने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की डॉक्टरांनी तिचेही डोळे तपासावेत.

आम्ही दोघं सासूबाईंकडे राहायला गेलो. बायकोच्या नोकरीची दोन वर्षं उरली आहेत, ती सकाळी डबा घेऊन निघायची. मग घरात मी आणि सासूबाई. त्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, मधे भोक असलेल्या उशीवर कपाळ टेकून बसायच्या. शेजारची खिडकी बागेकडे उघडते. खिडकी उघडी ठेवायची आणि मी बाहेर उभं राहून हुकूम ऐकायचे, अशी सोय आम्ही लावली. आवाज टेबलाखालून यायचा.

"लसणावरचा पेंढा काढलात का, जावईबापू?"

"काढतोय."

"हलक्या हाताने. खाली कोंब असतील."

कोंब होते. पण ते मला हे ऐकण्याआधीच दिसले होते आणि गवत समजून त्यातले अकरा मी उपटले होते. ते मी पुन्हा मातीत खोचले, पट्टी लावून, एका ओळीत. "कसा आहे लसूण?" आतून विचारणा झाली. "सरळ आहे," मी म्हणालो. यात खोटं काही नव्हतं.

पहिल्या आठवड्यात मी खताचा ढीग उलटापालटा केला आणि पाठ धरून बसलो. बटाटे खिडकीत कोंब यायला मांडले, तेही आकारमानाप्रमाणे. भिंतीजवळ एक नाशपातीचं झाड आहे, त्याची छाटणी केली. सासूबाईंनी सांगितलं होतं की आत वळलेल्या फांद्या तेवढ्या काढा. मला सगळ्याच आत वळलेल्या वाटल्या. संध्याकाळी बायकोने त्या झाडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "हे तुमच्यासारखं दिसायला लागलंय." मी हल्ली केस अगदी बारीक ठेवतो.

मग आला वाटाणा. पेरणी सोपी होती. एक वीत अंतर, बोटाचं एक पेर खोल. दोरी ताणून दोन ओळी पेरल्या आणि खिडकीशी जाऊन कामगिरी सांगितली.

"छान," टेबलाखालून आवाज आला. "आता काड्या लावा. वेल चढायला काहीतरी हवं ना. मागच्या खोलीत आहेत."

"किती लावू?"

"लागतील तेवढ्या."

मागच्या खोलीत कोपऱ्यात एक ढीग होता. वेड्यावाकड्या, फाटे फुटलेल्या, धुळीने माखलेल्या फांद्यांचा. कुणीतरी झाडू मोडून टाकलाय असं वाटावं. आणि उत्तरेच्या भिंतीशी, जिथे ऊन पोचत नाही, एका बादलीत ओली वाळू. त्या वाळूत ओल्या गोणपाटात गुंडाळलेली, सुतळीने बांधलेली, सरळसोट, पेन्सिलीच्या जाडीच्या काड्यांची जुडी. ज्या माणसाने छत्तीस वर्षं पेन्सिलींसोबत काढली त्याने यातलं काय उचललं असेल? वाटाण्याच्या काड्यांचीसुद्धा एवढी बडदास्त ठेवणाऱ्या सासूबाईंचं मला कौतुक वाटलं. तो कोपऱ्यातला कचरा सवडीने फेकून द्यावा असंही मनात आलं, पण सवड होती तरी पाठ नव्हती.

जुडीत तेवीस काड्या निघाल्या. मला दोन ओळींना चाळीस हव्या होत्या. भिंतीजवळच्या नाशपातीची छाटण तशीच पडली होती, तिच्यातून सरळ सतरा निवडून त्याच मापाच्या कापल्या. मग सगळ्या एकत्र करून प्रत्येकीला चाकूने टोक काढलं, तेही आरेखकाच्या पेन्सिलीला काढतात तसं, लांब आणि निमुळतं. कुठल्या बाजूला काढायचं याचा मी विचार केला नाही. जी बाजू हाताशी आली ती खाली. शेवटी दोरी धरून सगळ्यांची उंची एक केली. वाफा इतका देखणा दिसायला लागला की मी त्याचा फोटो काढून जुन्या सहकाऱ्यांना पाठवला. एकाने उत्तर दिलं, "पाइपलाइन छान झाली आहे."

यानंतरचे बारा दिवस मी फार खुशीत होतो. रोज सकाळी चहाचा कप घेऊन वाफ्यापाशी उभा राहायचो आणि निवृत्तीनंतरही माणूस कामाचा असतो वगैरे विचार करायचो. वाटाणे उगवले. त्यांनी मिशीसारखे तंतू काढले, माझ्या गुळगुळीत काड्या चाचपून पाहिल्या, धरायला काही न मिळाल्याने परत जमिनीवर लोळले. मला वाटलं, नवीन आहेत, शिकतील.

बाराव्या दिवशी, बुधवारी, मी सासूबाईंना चमच्याने खिमट भरवत होतो. मान खाली घालून खाणं अवघड असतं, म्हणून वाटी मांडीवर धरावी लागते. दोन घास झाल्यावर त्या म्हणाल्या, "शनिवारी कलमवाला यायचाय. बादलीतली वाळू ओली आहे ना? त्या काड्या सुकल्या तर संपलंच सगळं."

तिसरा घास मी वाटीत परत ठेवला.

"कुठल्या काड्या, आई?"

"ह्यांच्या झाडाच्या."

मग त्यांनी सांगितलं, आणि त्यातलं बरंचसं मला आधी सांगितलेलं होतं. घर बांधलं त्या वर्षी सासऱ्यांनी कुणाकडून तरी नाशपातीची एक फांदी मागून आणली आणि स्वतः कलम बांधलं. त्या जातीचं नाव त्यांनी विचारलं नाही आणि फांदी देणारा माणूस पुढे कुठे गेला ते कळलं नाही. फळ बारकं, ठिपक्याठिपक्यांचं, झाडावरून काढलं की दगड. पेंढ्यात घालून तीन महिने ठेवलं, की थंडी संपत येताना इतकं गोड व्हायचं की सासूबाई ते मोजून द्यायच्या. सासरे गेल्याला अकरा वर्षं झाली. झाडाला सासूबाई पहिल्यापासून "ह्यांचं झाड" म्हणतात. यंदा थंडीतल्या वादळात ते मुळासकट आडवं झालं. लाकूडतोड्या न्यायला आला, त्याआधी सासूबाईंनी स्वतः, दिसत नव्हतं तरी, चांगल्या फांद्या चाचपून तेवीस काड्या कापून ठेवल्या. नवं कलम बांधायला. तीन रानटी रोपं त्यासाठी गेल्या वर्षीच कुंपणाशी लावली होती, झाड म्हातारं झालंय म्हणून.

झाड पडल्याचं बायकोने मला तेव्हाच सांगितलं होतं. मी "अरेरे" म्हणालो होतो. टीव्हीवर सामना चालू होता.

"वाळू ओली आहे ना?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"ओली आहे," मी म्हणालो. वाळू खरंच ओली होती.

वाटी विसळून मी वाफ्याकडे धावलो. धावलो म्हणजे माझ्या मानाने. चाळीस काड्या एका उंचीच्या, एका जाडीच्या, एका रंगाच्या उभ्या होत्या. कुठली ह्यांच्या झाडाची आणि कुठली भिंतीजवळच्या झाडाची, कळायला काडीचा मार्ग नव्हता. मी भिंग आणलं. प्रत्येकीला नंबर दिला. वहीत तक्ता आखला, रकाने पाडले: रंग, ठिपके, वास. वासाच्या रकान्यात चाळीसही ठिकाणी "मातीचा" असं लिहिलं. दोन तास खपून मी एक अतिशय सुबक तक्ता तयार केला आणि त्यातून काहीही सिद्ध झालं नाही.

गुरुवारी मला एक विचार सुचला. तो सांगायला मला आजही लाज वाटते. कलमवाल्याला काड्या हव्यात ना, मग भिंतीजवळच्या झाडाच्या ताज्या काड्या बादलीत ठेवून द्याव्यात. तेही नाशपातीचंच. कलम लागेल, पानं येतील, सगळे खूश. वेगळं कळायचं तर फळ आल्यावर कळणार, आणि फळ यायला पाच वर्षं. पाच वर्षांनी कोण विचारायला येतंय, असं मी मनाशी म्हणालो. इतकं म्हणून थांबलो नाही. भिंतीजवळ जाऊन तेवीस काड्या कापल्यासुद्धा. गोणपाटात गुंडाळल्या, सुतळीने बांधल्या, वाळूत ठेवल्या. हे काम मात्र मी बिनचूक केलं.

शुक्रवारी संध्याकाळी बायको आईच्या केसांना तेल लावत होती. मी दारात उभा होतो. सासूबाई उशीच्या भोकातून फरशीशी बोलत होत्या.

"यंदा कलम लागलं तर फळ मी शहाऐंशीची झाले की येईल. पेंढा आत्तापासून बघून ठेवायला हवा. तेव्हा कुठे मिळणार आयत्या वेळी."

"मिळेल गं, आई," बायको म्हणाली.

"मिळेल म्हणून बसलं की मिळत नाही. ह्यांच्या झाडाला पहिलं फळ आलं तेव्हा पेंढा नव्हता. ह्यांनी उशी फाडून त्यातला कापूस घातला होता."

बायको हसली. सासूबाईही हसल्या, टेबलाला. त्यांनी मान वर केलेली नव्हती, पण मीच खाली घातली. विचारायला येणारं माणूस माझ्यासमोर बसलं होतं आणि पेंढ्याची सोय बघत होतं.

"आई," मी म्हणालो, "मी काड्या केल्यात."

"काय केलंय?"

"म्हणजे, काड्या लावल्यात. वाटाण्याला. त्या. बादलीतल्या. आणि बादलीत आता आहेत त्या तुमच्या नाहीत. त्या मी काल ठेवल्यात, तुम्हाला कळू नये म्हणून."

मी सगळं सांगितलं. सतरा दुसऱ्या मिसळल्याचं, टोकं काढल्याचं, उंची एक केल्याचं. बायकोचा हात केसांत थांबला. चौतीस वर्षांत पहिल्यांदाच ती काही बोलली नाही आणि मला ते फार जड गेलं.

सासूबाई म्हणाल्या, "झाड पडलं तेव्हा मी रडले नाही. हिने विचारलंही, रडली कशी नाहीस. काड्या होत्या ना, म्हणून नाही रडले."

मी आपला उभा राहिलो.

"उभे काय राहिलात," त्या म्हणाल्या. "उपटून आणा सगळ्या. धुऊन आणा. आणि बादलीतल्या त्या चुलीत घाला."

चाळीस काड्या मी धुऊन टॉवेलवर ठेवून आणल्या. सासूबाईंनी त्या मांडीवर घेतल्या. मान खालीच होती, त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं त्या निरखून बघताहेत. पण उजव्या डोळ्यात वायू होता आणि डाव्यात धुकं. त्यांनी एक काडी उचलली आणि अंगठा तिच्यावरून हळूच वर नेला. जिथे पान फुटायचं असतं तो काडीवरचा फुगवटा म्हणजे डोळा, एवढं मला तोवर कळलं होतं. एकेका डोळ्याशी अंगठा थांबायचा.

"ही भिंतीजवळची. डोळा काडीला चिकटून आहे बघा, झोपल्यासारखा." ती काडी डावीकडे गेली. "ही पण तीच. ही पण." मग एका काडीवर अंगठा दोनदा फिरला. "ही ह्यांची. हिचा डोळा बाहेर बघतो."

मी हात लावून पाहिला. मला दोन्ही काड्यांच्या दोन्ही डोळ्यांत काही फरक कळला नाही. बायकोला कळला. निदान तसं ती म्हणाली.

अर्धा तास लागला. डावीकडे एकोणीस, उजवीकडे एकवीस. म्हणजे दोन काड्या चुकीच्या ढिगात होत्या. मी हिशेब सांगितला तर त्या म्हणाल्या, "ज्यांची शंका होती त्या मी डावीकडेच टाकल्यात." उजवीकडच्या एकवीस त्यांनी पुन्हा चाचपल्या. बारा मी उलट्या खोचल्या होत्या, त्यांचे वरचे डोळे मातीत कुजले होते. पाच वाळल्या होत्या. चार जिवंत निघाल्या. मी त्या चारही गोणपाटात गुंडाळत होतो तेव्हा बायकोने त्या माझ्या हातातून काढून घेतल्या.

शनिवारी कलमवाला आला. सत्तरीचा, कमी बोलणारा माणूस. त्याने काड्या पाहिल्या, मग टोकं पाहिली. "ही टोकं कुणी काढली?"

"मी," मी म्हणालो.

"हात चांगला आहे," तो म्हणाला. "डोकं असतं तर उपयोग झाला असता."

त्याने माझी सगळी टोकं कापून टाकली आणि स्वतःची काढली. तीन रोपांवर तीन काड्या बसवल्या, पट्टी गुंडाळली, वर मेण लावलं. चौथी जादा म्हणून एका रोपाच्या दुसऱ्या बाजूला. मला एक काम दिलं होतं, रोप हलू नये म्हणून धरून ठेवायचं. तेवढा वेळ मी श्वासही बेताने घेतला. खिडकी उघडी होती. आतून एकदाच आवाज आला, "धरलंय ना नीट?" कलमवाल्याने उत्तर दिलं, मला विचारलं नाही.

वाटाण्याला मी कोपऱ्यातला तो कचरा आणून लावला. वेडावाकडा, फाटे फुटलेला. वाटाणे दोन दिवसांत त्याला मिठी मारून वर निघाले. त्या वाफ्याचा फोटो मी कुणाला पाठवला नाही.

पुढचे चार आठवडे मी रोज सकाळी कुंपणाशी जायचो आणि हात पाठीमागे बांधून बघायचो. पहिली काडी काळी पडली. मग दुसरी. जादाची चौथी तर एका सकाळी गळूनच पडली. तिसरीला मात्र एक डोळा फुगला, त्याचं तोंड उघडलं आणि आतून नखाएवढी दोन पानं निघाली. मी आत जाऊन सांगितलं.

सासूबाईंना तोवर मान वर करायची परवानगी मिळाली होती. उजव्या डोळ्याने कडेकडेचं दिसायला लागलं होतं. बायकोचा हात धरून त्या कुंपणापर्यंत आल्या. वाकायचं नव्हतं, म्हणून मी खुर्ची आणली. त्यांनी मान तिरकी करून त्या दोन पानांकडे खूप वेळ पाहिलं. मग डोळा मिटला आणि अंगठ्याने चाचपलं.

"पाटी लिहा," त्या म्हणाल्या. "अक्षर चांगलं आहे तुमचं."

"काय लिहू?"

"ह्यांचं झाड."

मी लिहिलं. छत्तीस वर्षांच्या नोकरीत इतक्या काळजीने काही लिहिलं नव्हतं. पाटी बांधताना मात्र मला राहवलं नाही. "आई, नक्की ना? ही भिंतीजवळचीच निघाली तर?"

"फळ आलं की कळेल."

"म्हणजे पाच वर्षं."

"मग मी कुठे चाललेय?" त्या म्हणाल्या आणि खुर्चीतच सावरून बसल्या. "तुम्हाला घाई असेल तर तुम्ही जा."

मला घाई नाही. आम्ही परत आपल्या घरी आलो आहोत, पण दर शनिवारी मी सासूबाईंकडे जातो, कुंपणाशी उभा राहतो आणि कशालाही हात न लावता परत येतो. परवा बायको फोनवर मैत्रिणीला सांगत होती, "नाही गं, आता तिथे गेले की इकडची काडी तिकडे करत नाहीत." हे वाक्य ती कौतुकाने म्हणू शकते हे मला माहीत नव्हतं. सासूबाईंच्या मागच्या खोलीत, उत्तरेच्या भिंतीशी, मी कोरड्या पेंढ्याचं एक खोकं ठेवलं आहे. त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं आहे: हात लावू नये. ती सूचना माझ्यासाठी आहे.